एका प्रतीचा भरवसा

बडोदे संस्थानाने 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' या नावाने प्राचीन ग्रंथ छापावयास आरंभ केला, तेव्हा १९१६ साली त्या मालेतील पहिला ग्रंथ म्हणून जो बाहेर पडला, तो राजशेखराची 'काव्यमीमांसा' हा होय. राजशेखर इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहार राजांच्या पदरी होता. परंतु त्याच्या घराण्याचा धागा आपल्या प्रांताशी जुळतो, कारण आपला पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी होता असे तो अभिमानाने सांगतो. या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात त्याने कवीची दिनचर्या वर्णिली आहे. कवीचे घर कसे असावे, लेखनिक कसा असावा, दिवसाच्या कोणत्या प्रहरी काय करावे, असे बारीकसारीक तपशील तो देतो. आणि ते देता देता, आजच्या एखाद्या संगणकतज्ज्ञानेही मान डोलवावी असा एक सल्ला देऊन जातो. ग्रंथ पुरा झाला की त्याच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात, असा तो सल्ला आहे.

राजशेखर नुसता सल्ला देऊन थांबत नाही. ग्रंथ नाहीसे कसे होतात, याची त्याने यादीच दिली आहे. दुसऱ्याजवळ ठेव म्हणून ठेवलेला ग्रंथ परत येत नाही. विकलेला आणि दान दिलेला ग्रंथ हातचा जातो. कर्ता देश सोडून जातो किंवा अल्पायुषी ठरतो. आग लागते, पाणी शिरते. राज्यात धामधूम माजली म्हणजे ग्रंथ बुडतात, तसेच 'पुढे पुरा करीन, पुढे सुधारीन, मित्रांशी एकदा बोलून घेईन' असे म्हणत राहणाऱ्या कर्त्याच्या चालढकलीनेही बुडतात. आणखी एक सूचना तर फार मार्मिक आहे. नवे काव्य एकट्या माणसासमोर वाचू नये. त्याने ते आपलेच म्हणून सांगितले, तर साक्षीदार कोण आणणार?

प्रत अनेक ठिकाणी असावी, ती परक्याच्या हाती पडू नये, आणि कोणाचे काय आहे याचा पुरावा राहावा, या तीन चिंता जगातील फार जुन्या चिंतांपैकी होत. आज ज्यांना क्लाउड बॅकअप म्हणतात, म्हणजे आपल्या संगणकातील मजकुराची कुलूपबंद प्रत दूरच्या यंत्रागारात ठेवून देण्याची सेवा, त्या विकणाऱ्या कंपन्या याच तीन चिंतांवर उभ्या आहेत. त्यांची परिभाषा नवी आहे. त्यांच्या मागचा इतिहास मात्र बडोद्यासारख्या गावी जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

महाराज सयाजीराव गायकवाड हे १८७५ साली गादीवर आले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून आलेले बारा वर्षांचे मूल होते. पुढे त्यांनी जे राज्य केले त्यात ग्रंथांची काळजी हे एक स्वतंत्र खातेच होते असे म्हटले तरी चालेल. १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. त्याच ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था निघाली. ती पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराज सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाली. पंचवीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आज तेथे आहेत.

ती जमविण्याचे काम आरंभी ज्यांनी केले त्यांत आर. अनंतकृष्ण शास्त्री आणि चिमणलाल डाह्याभाई दलाल ही दोन नावे अग्रभागी येतात. शास्त्रीबोवा गावोगाव हिंडून पोथ्या मिळवीत. दलालांचे मुख्य क्षेत्र होते पाटण. पाटण हे त्या वेळी बडोदे संस्थानातील गाव. सोळंकी राजांची ती जुनी राजधानी, आणि जैन भांडारांसाठी प्रसिद्ध. शास्त्रग्रंथ स्वखर्चाने लिहवून भांडारास अर्पण करणे हे जैन गृहस्थांत पुण्यकर्म मानले जाई, त्यामुळे एकेका ग्रंथाच्या प्रती वेगवेगळ्या गावी जाऊन पडत. पंधराव्या शतकात जिनभद्रसूरी यांनी जेसलमेरच्या किल्ल्यात भांडार स्थापन केले, ते तर वाळवंटात, जेथे ओल नाही आणि परचक्र सहसा पोहोचत नाही अशा जागी. दलाल १९१८ साली अकाली वारले. त्यांनी करून ठेवलेल्या टिपणांवरून पाटणच्या भांडारांची वर्णनात्मक सूची लालचंद्र भगवानदास गांधी यांनी पुरी केली आणि ती १९३७ साली याच मालेत प्रसिद्ध झाली.

या भांडारांनी काय वाचविले, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. शांतरक्षित हा नालंदेचा बौद्ध आचार्य आठव्या शतकात तिबेटात गेला. त्याचा 'तत्त्वसंग्रह' हा ग्रंथ आणि त्यावरील शिष्य कमलशीलाची पंजिका यांचे तिबेटी भाषांतर तिकडे टिकले. इकडे नालंदा गेली, बौद्धांचे विहार ओस पडले, आणि मूळ संस्कृत ग्रंथ कायमचा गेला असे समजण्यास काही हरकत नव्हती. परंतु तो गेला नव्हता. पश्चिमेकडील जैन भांडारांत तो सुखरूप होता. ज्यांच्या मताचे त्यात खंडन आहे, त्यांनीच तो जपून ठेवला होता! १९२६ साली एंबार कृष्णमाचार्य यांनी संपादिलेला 'तत्त्वसंग्रह' बडोद्याहून प्रसिद्ध झाला. प्रत दूर असावी एवढेच पुरेसे नसते. ती वेगळ्या माणसांच्या हाती असावी लागते, ज्यांचे नशीब आपल्या नशिबाशी बांधलेले नसते.

आपल्या मराठीतही असे झाले आहे. इंद्रायणीची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. तिच्यापेक्षा कमी माहीत असलेली कथा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी ओवीवर त्याने असे प्रभुत्व मिळविले की पंडितांनी नवल करावे, आणि १६१६ साली त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. छापखान्याचे काम म्हणजे प्रतींची लयलूट. आता या ग्रंथास भय कसले, असे कोणासही वाटले असते. आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत कोठे उपलब्ध नाही. ग्रंथ राहिला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या वह्यांत. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरूनच तो पुन्हा छापविला. आणि पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची एक देवनागरी पोथी आढळली. राज्यकर्त्यांनी १६८४ साली देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले होते. छापखाना राज्यकर्त्यांच्या अमलाखाली होता. घरोघरच्या वह्या नव्हत्या.

प्रतींची संख्या वाढली म्हणजे मात्र दुसरा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक लेखनिक काही ना काही चुकतो. एखादा विद्वान लेखनिक असला तर सुधारतो, आणि ते अधिक घातक असते! शंभर प्रती हाती आल्या की शंभर पाठ हाती येतात. त्यांतून मूळ कोणते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विसाव्या शतकात आपल्याकडे जे दोन प्रचंड उद्योग झाले, त्यांपैकी एक पुण्यास झाला आणि दुसरा बडोद्यास.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले. १९४३ साली ते निवर्तले, त्यांच्यामागून डॉ. बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते समाप्तीचा समारंभ झाला. या कामी १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. ती पाहण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. एका मोठ्या आखीव कागदाच्या माथ्यावर प्रमाण धरलेला श्लोक अक्षर अक्षर सुटे करून चौकटींत लिहीत. खाली एकेका हस्तलिखितास एकेक ओळ. ज्या चौकटीत त्या हस्तलिखिताचे अक्षर वेगळे असेल, तेवढीच चौकट भरावयाची. बाकीच्या कोऱ्या सोडावयाच्या. कडेला हस्तलिखिताची खूण. एक शास्त्री वाचीत आहे, दुसरा नोंदवीत आहे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. आणि ते एकाच छपराखाली चालले असेही नाही. बंगाली लिपीतील पोथ्या शांतिनिकेतनात ताडल्या जात, दक्षिणेकडील लिप्यांतील तंजावरच्या सरस्वती महालात, आणि भरलेले कागद पुण्यास येत.

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९५१ साली वाल्मीकि रामायणाचा असाच संकल्प सोडला. १९६० साली गोविंदलाल भट्ट यांनी संपादिलेले बालकांड निघाले. १९६२ साली अयोध्याकांड आले, ते पुण्याच्या डॉ. प. ल. वैद्यांचे. अरण्यकांड दिवाणजींनी केले, किष्किंधा मांकडांनी, सुंदर झालांनी. १९७१ साली युद्धकांड पुन्हा वैद्यांनी, आणि १९७५ साली उमाकांत शहांच्या उत्तरकांडाने सप्तकांडे पुरी झाली. उत्तरेचे रामायण निराळे आणि दक्षिणेचे निराळे. उत्तरेत पुन्हा ईशान्येचे व वायव्येचे पाठ वेगळे. नेपाळात मिळालेली, १०२० साली लिहिलेली एक ताडपत्री पोथी तीत उपयोगात आणली गेली, तशाच केरळच्या मल्याळम लिपीतील पोथ्याही. हिमालयात लिहिणाऱ्या त्या लेखनिकास केरळच्या लेखनिकाचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. हे दोघे नकळत एकमेकांची चूक सुधारीत होते, आणि त्यांची गाठ पडली ती बडोद्याच्या कागदावर.

अशा आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहावे. वर सर्वांना समान असा पाठ एकदाच छापलेला असतो; खाली बारीक अक्षरांत, कोणत्या प्रतीत कोठे फरक आहे तेवढाच. एकेक हस्तलिखित समग्र छापले असते तर एक खोली भरली असती, ते या युक्तीने सात खंडांत मावले. आणि तरीही ज्यास एखाद्या विशिष्ट पोथीचा पाठ हवा असेल त्यास तो तळटीपांवरून बराचसा परत उभा करता येतो. संगणकाच्या क्षेत्रात याच युक्तीस 'डीडुप्लिकेशन' म्हणतात. एका कचेरीतील पाचशे लोकांच्या यंत्रांत तेच पत्र पाचशे वेळा असेल, तर ते एकदाच साठवावयाचे आणि बाकीच्या ठिकाणी खूण करून ठेवावयाची; पत्रात एक ओळ बदलली तर बदललेला तेवढा तुकडाच नव्याने ठेवावयाचा. तसेच, अनेक माणसांनी एकाच लेखावर एकाच वेळी काम करावे आणि कोणी काय बदलले याची नोंद राहावी, अशी जी साधने आज कचेऱ्यांतून रुळली आहेत, त्यांची कल्पना समजून घेण्यास शास्त्र्यांच्या त्या आखीव कागदाइतके चांगले चित्र मिळणार नाही.

आता कुलपाकडे वळावयास हवे. येथेही मराठीचा अनुभव मोठा आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचा नाही.

वात्स्यायनाने चौसष्ट कलांत गूढलेखनाची गणना केली आहे, हे पुष्कळांस माहीत असते. परंतु एखाद्या संपूर्ण पंथाने आपले सगळे धर्मवाङ्मय सांकेतिक लिपीत बंद करून ठेवावे, असे उदाहरण महानुभावांसारखे दुसरे सापडणे कठीण. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपुरास 'लीळाचरित्र' रचले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांना ज्यांना होत्या, त्यांच्याकडे स्वतः जाऊन, विचारून, पडताळून त्याने हा ग्रंथ सिद्ध केला. देवगिरीच्या पाडावानंतरच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. राजशेखराच्या यादीतील राष्ट्रविप्लव तो हाच! मग ग्रंथ वाचला कसा? हिराइसेसारख्या ज्या शिष्यांनी तो मुखोद्गत केला होता त्यांच्या पाठावरून तो पुन्हा लिहिला गेला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आज आढळतात. एकदा पोळलेल्या या मंडळींनी पुढे चौदाव्या शतकात सकळ लिपी योजिली. तिचा कर्ता रवळोबास, असे मानतात. सकळ लिपीखेरीज सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही लिप्या पंथात झाल्या. अक्षर एक लिहावयाचे आणि वाचावयाचे दुसरे, हे त्यांतील मुख्य तत्त्व. किल्ली गुरूने शिष्यास द्यावयाची.

कुलूप उत्तम चालले. पोथ्या पंजाबपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे गेल्या, मठामठांतून जपल्या गेल्या, आणि बाहेरच्या कोणासही त्या वाचता आल्या नाहीत. पण त्याची किंमतही मोठी पडली. मराठीतील पहिल्या प्रतीचे गद्य सहाशे वर्षे मराठी वाचकांपासून दूर राहिले. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते, त्यांनी ग्रंथांत काय असेल याविषयी नाना कंड्या पिकविल्या, आणि पंथास उगाच बदनामी सोसावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने, आणि पंथातील काही उदार महंतांच्या विश्वासाने, ती किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, पुढे य. खु. देशपांडे प्रभृतींनी ते भांडार खुले केले. महंतांपैकी कोणी किल्ली दिलीच नसती, आणि शिष्यपरंपरा मध्येच तुटली असती, तर? पोथ्या कपाटांत धडधाकट असत्या आणि तरीही गेल्या असत्या.

शास्त्रदृष्ट्या पाहता ते कुलूप फार भक्कम नव्हते. एका अक्षराऐवजी नेहमी तेच दुसरे अक्षर येत असेल, तर कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून किल्ली काढता येते. अल्-किंदी या बगदादच्या पंडिताने नवव्या शतकातच ही रीत लिहून ठेवली आहे. आज वापरात असलेली कुलपे निराळ्या जातीची आहेत. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन गणितज्ञांनी १९७६ साली असे दाखविले की, कधीही न भेटलेली दोन माणसे सर्वांदेखत बोलूनही आपापसांत गुप्त किल्ली ठरवू शकतात. गुरूने शिष्याच्या कानात सांगण्याची आवश्यकता नाही. २००१ साली दोघा बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली एक पद्धत अमेरिकन सरकारने प्रमाण ठरविली, आणि तीच आज जगभर चालते. तिच्या मोठ्या किल्लीचे जे संभाव्य प्रकार आहेत त्यांची संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी आहे. ते सर्व एकेक करून लावून पाहण्यास कोणाचेही आयुष्य, कोणत्याही यंत्राचे आयुष्य, पुरावयाचे नाही.

ही कुलपे आणि त्या प्रती एकत्र आणून त्यांचा व्यवसाय करणाऱ्यांत एक नाव पुण्याचे आहे. २००८ साली जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोतंडारामन या तिघांनी पुण्यात 'द्रुवा' ही कंपनी काढली. तिघेही याच क्षेत्रातील एका मोठ्या परदेशी कंपनीच्या नोकरीत अनुभव घेतलेले. कंपनीचे नाव ध्रुवताऱ्यावरून. प्रवासी नोकरांच्या हातातील संगणकांच्या प्रती राखण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि पुढे स्वतःची यंत्रागारे न बांधता भाड्याने मिळणाऱ्या मेघात, म्हणजेच क्लाउडमध्ये, सर्व साठा नेला. मुख्य कचेरी कॅलिफोर्नियात गेली. पुण्यातील काम चालू राहिले. २०१९ साली कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरांवर गेल्याच्या वार्ता सर्व पत्रांतून आल्या. वाचकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट किल्लीची आहे. ग्राहकाच्या मजकुराची किल्ली आपल्या हाती राहात नाही, त्यामुळे आपल्यालाही तो वाचता येत नाही, असे ही कंपनी सांगते. लखोट्यात लखोटा घालावा तशी ती रीत आहे: मजकूर एका किल्लीने बंद करावयाचा आणि ती किल्ली दुसऱ्या किल्लीने. राजशेखराने दुसऱ्याजवळ ठेव ठेवण्यास ग्रंथनाशाचे कारण म्हटले होते. ठेव ठेवूनही ती ठेवणाऱ्यास उघडता येऊ नये, ही सोय त्याच्या काळी नव्हती.

तथापि मेघ हा शब्द फसवा आहे. ढगात काहीही नसते. असते ते कोठल्या तरी गावी, विटांच्या आणि पोलादाच्या इमारतीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची पाच मजली इमारत एका रात्रीत जळाली, आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांनी दुसऱ्या प्रतीचे पैसेही भरले होते. ती दुसरी प्रत त्याच जागी निघाली, आणि न्यायालयाने पुढे कंपनीस भरपाई द्यावयास लावली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी यंत्रागारात विद्युत्‌घट हलविताना आग लागली. त्यात सरकारी नोकरांचा सामाईक साठा, सुमारे ८५८ टेराबाइट, नष्ट झाला. तो फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती, असे कारण देण्यात आले. दरम्यान नोकरांना सांगितलेले असे की, कामाचे कागद आपापल्या यंत्रात ठेवू नका, सर्व याच साठ्यात ठेवा! २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास लागलेली आग मराठी वाचकांच्या स्मरणात असेल; तेव्हाही ज्या कागदांची यंत्रप्रत आधी निघाली होती तेवढेच सहज परत मिळाले.

पाण्याचे भय तर बडोद्याच्या उशाशीच आहे. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरावर एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरून अनेक वस्त्या कित्येक दिवस पाण्यात राहिल्या. मगरी रस्त्यांवर आल्या, त्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. खालच्या मजल्यांवरील घरांतून वाहून गेलेल्या सामानाची मोजदाद होते, वह्यापत्रांची कोणी करीत नाही. जमिनीचे उतारे, विवाहाची प्रमाणपत्रे, आजोबांच्या हातची मोडी खाती, अशा वस्तू बहुतेक घरांत एकच प्रत असलेल्या असतात.

हस्तलिखितांच्या यंत्रप्रती काढण्याचे काम सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापून आरंभिले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचा नवा संकल्प जाहीर झाला. एक कोटी हा आकडा ऐकण्यास भव्य आहे; पण चिमणलाल दलालांसारखा एक माणूस पाटणच्या भांडारांत बसून एकेक वेष्टन सोडीत होता, त्या वेगाचा विचार केला म्हणजे कामाचा आवाका कळतो. यंत्राने प्रत निघते क्षणात. वेष्टन सोडावयास, पाने लावावयास, लिपी ओळखावयास आणि नाव नोंदवावयास माणूसच लागतो, आणि ज्यास शारदा, नेवारी किंवा मोडी वाचता येते असा माणूस आता पोथीपेक्षाही दुर्मिळ होऊ लागला आहे.

राहता राहिली राजशेखराची स्वतःची गोष्ट. 'काव्यमीमांसा' अठरा अधिकरणांची होणार, अशी योजना त्याने ग्रंथारंभीच दिली आहे, आणि त्या अठरांची नावेही सांगितली आहेत. बडोद्याने १९१६ साली छापले ते पहिले अधिकरण, 'कविरहस्य'. प्रती अनेक कराव्यात, आग-पाणी सांभाळावे, 'पुढे पुरे करीन' असे म्हणू नये, हा सारा उपदेश याच एका अधिकरणात आहे. उरलेली सतरा अधिकरणे आजपर्यंत कोणत्याही भांडारात सापडलेली नाहीत.